एडीएचडी : गोळीपलीकडचे काम कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा सुरू व्हायच्या सुमारास ‘एकाग्रता वाढवा’, ‘स्मरणशक्ती दुप्पट करा’ अशा जाहिराती गावोगाव दिसू लागतात. ज्यांचे मूल पाच मिनिटे एका जागी टिकत नाही, ते आईवडील त्यांच्याकडे आशेने बघतात. त्यातल्या काही मुलांना एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि विचाराआधी कृती असा विकार असतो, आणि ‘औषधाशिवाय काही करता येईल का?’ हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. करता येते. मात्र ते कोणत्याही सिरपमध्ये किंवा आठ दिवसांच्या शिबिरात मिळत नाही. आई, आजी, आजोबा आणि वर्गातल्या बाई किंवा गुरुजी यांनी रोज, ठरल्या पद्धतीने करायचे ते काम आहे. विशेष शिक्षण आणि समुपदेशनात काम करणारे आम्ही काही जण ती पद्धत इथे तपशिलात मांडत आहोत.

आधी खात्री करावी. वांड पोर म्हणजे एडीएचडी नव्हे. लक्षणे बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली असावी लागतात, ती निदान सहा महिने टिकावी लागतात आणि घरी व शाळेत अशी दोन्हीकडे दिसावी लागतात. ऐकू कमी येणे, डोळ्यांचा नंबर, रक्तक्षय, रात्री घोरणे व अपुरी झोप, वाचन-लेखनाची अक्षमता यांमुळेही मूल असेच दिसते. म्हणून या तपासण्या पहिल्या. मुलींचे निदान हमखास राहून जाते. त्या गोंधळ घालत नाहीत, खिडकीतून बाहेर बघत बसतात, आणि ‘वेंधळी आहे’ एवढ्यावर विषय मिटतो.

या मुलांना काय करायचे ते बहुतेक वेळा माहीत असते. ते ऐन वेळी करणे जमत नाही. ऐकलेले मनात धरून ठेवण्याची ताकद तोकडी असते आणि लांबचे बक्षीस त्यांना ओढून घेत नाही. ‘वार्षिक परीक्षेत पहिला आलास तर सायकल’ हे वचन अशा मुलापुरते वाया जाते. आठवण, कौतुक आणि परिणाम हे तिन्ही त्या जागी, त्याच क्षणी मिळावे लागतात. पुढचे सगळे यावरच उभे आहे.

सुरुवात सूचनेपासून करावी. मूल खळ्यात आणि आई चुलीजवळ, तिथून हाक येते : ‘हातपाय धू, गणवेश दांडीवर टाक, दप्तर आण नि अभ्यासाला बस.’ यातली पहिली गोष्ट होते, उरलेल्या गळतात, आणि मग ‘मुद्दाम करतो’ म्हणून ओरडा बसतो. त्याऐवजी हातभर अंतरावर जावे, टीव्ही बंद करावा, नाव घ्यावे, त्याने बघितले की एकच काम पाच-सात शब्दांत सांगावे : ‘ओल्या चपला पडवीत काढून ठेव.’ ‘ठेवशील का?’ असे विचारू नये. प्रश्न केला की ‘नाही’ म्हणायची सोय होते. मनात पाचपर्यंत मोजावे, मध्ये बोलू नये. काम झाले की तिथेच नेमके कौतुक करावे : ‘सांगितल्याबरोबर चपला जागेवर ठेवल्यास.’ नुसते ‘शहाणा गो माझा बाळ’ म्हटल्याने काय चांगले केले ते त्याला कळत नाही. काम झाले नाही तर सूचना एकदाच पुन्हा द्यावी, आणि मग आधी ठरलेला छोटा परिणाम, उदाहरणार्थ त्या संध्याकाळचा टीव्ही पंधरा मिनिटे कमी. सहाव्यांदा ओरडून सांगितले तर पहिल्या पाच वेळा ऐकायची गरज नसते, एवढेच मूल शिकते.

कुरकुर आणि हट्टाकडे लक्ष देणे थांबवले की पहिले काही दिवस ते वाढतात. हे अपेक्षितच असते. घर तिथेच हार मानते, चौथ्या दिवशी आजीला दया येते नि हातावर लाडू पडतो. मग मुलाला कळते, आणखी मोठ्याने रडायला हवे होते. म्हणून घरातल्या सगळ्यांनी आधी एकत्र बसून ठरवल्याशिवाय हे सुरूच करू नये. आजीला बाजूला ठेवून तर अजिबात नको, कारण कोकणातल्या कितीतरी घरांत बाबा मुंबईला असतात आणि मुलाचा बराचसा दिवस आजीच्याच नजरेखाली जातो.

सर्वांत जास्त उपयोग होतो तो रोजच्या कार्डाचा. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्यावा. आडव्या ओळींत तीन वागणुकी, उभ्या रकान्यांत दिवसाचे चार भाग : परिपाठ ते छोटी सुट्टी, तिथून मोठी सुट्टी, आणि त्यानंतरच्या वेळेचे दोन तुकडे. वागणूक मोजता येईल अशी आणि ‘काय करायचे’ या रूपात लिहावी. ‘मस्ती करू नये’ हे मोजता येत नाही. ‘सांगितल्यावर दोन मिनिटांत वही उघडली’ हे मोजता येते. पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त मोजावे. मूल दिवसाच्या एका भागात बारा वेळा मध्ये बोलत असेल तर पहिले उद्दिष्ट ‘आठच्या आत’, शून्य नव्हे. चारपैकी तीन दिवस तरी ते जिंकेल इतके सोपे हवे. प्रत्येक भाग संपला की बाईंनी खूण करावी, दहा सेकंदांचे काम आहे. बारापैकी नऊ खुणा झाल्या की बक्षीस त्याच संध्याकाळी.

बक्षिसाला पैसा लागत नाही, मोबाइल तर नकोच. आजोबांबरोबर जेटीवर होड्या बघायला जाणे, काकाबरोबर कॅरमचा एक डाव, उद्याच्या न्याहारीला घावणे की आंबोळ्या हे ठरवण्याचा मान : अशी सात-आठ नावे मुलाकडूनच लिहून घ्यावीत. दोन-तीन आठवड्यांत त्यांचा कंटाळा येतो, मग यादी बदलावी. जेवण, माया आणि खेळाची सुट्टी मात्र कधीही पणाला लावू नये.

कार्ड फसते त्याची कारणे ठरलेली आहेत. बक्षीस रविवारवर ढकलले जाते. उद्दिष्टे तीनची सात होतात. तेच बक्षीस कोणीतरी खुणांशिवायही देते. आणि सर्वांत घातक म्हणजे कार्डाच्या कोपऱ्यात तक्रारी लिहिल्या जातात. मग ते वाटेतल्या वहाळात पडते, घरी पोचत नाही. मुंबईहून फोन करणाऱ्या बाबांनीही आज खुणा किती झाल्या तेवढेच विचारावे. कमी पडल्या असतील तर ‘उद्या बघू’ म्हणून पुढच्या गप्पा माराव्यात.

आपल्याकडच्या अनेक जिल्हा परिषद शाळांत दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता असतात. बाई दुसरीला शिकवत असताना चौथीने स्वतः अभ्यास करायचा असतो, आणि हे मूल नेमके तिथेच घसरते. त्याला पुढे, बाईंच्या हाताशी बसवावे. दार, खिडकी आणि पोषण आहाराच्या शेडपासून लांब, शांत मुलाशेजारी. भिंतीकडे तोंड करून एकटे बसवू नये. वीस गणिते एकदम न देता पाच-पाचच्या चार चिठ्ठ्या द्याव्यात आणि प्रत्येक चिठ्ठी टेबलापर्यंत येऊन दाखवायला सांगावी. तेवढे चालणे हीच त्याची हक्काची हालचाल. वह्या वाटणे, पाण्याची कळशी भरून आणणे ही कामे त्यालाच द्यावीत. उभे राहून लिहायचे असेल तर लिहू द्यावे. मारणे आणि मानसिक छळ शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंद केलेच आहे, पण सुट्टी बंद करण्याची शिक्षा अजून सर्रास दिली जाते. ज्या मुलाला हालचाल सर्वांत जास्त हवी, त्याचीच सुट्टी काढून घ्यायची, आणि मग दुपारभर ते बसत नाही म्हणून पुन्हा तक्रार करायची!

पावसाळ्याचा वेगळा विचार करावा लागतो. जून ते सप्टेंबर मैदान चिखलात असते, मुले घरात कोंडलेली, आणि तक्रारी वाढतात. पडवीत दोरीच्या उड्या दोन मिनिटे, एक मिनिट थांबा, असे पाच फेरे. मग बारा सूर्यनमस्कार. जोराचा श्वास लागेल असा वीसएक मिनिटांचा व्यायाम झाला की त्यानंतर थोडा वेळ लक्ष बरे लागते. तो वेळ हातपाय पसरण्यात न घालवता मुलाला थेट अभ्यासाला बसवावे. अभ्यास दहा ते पंधरा मिनिटे, विश्रांती पाच मिनिटे. काट्याच्या घड्याळाच्या काचेवर स्केचपेनने तेवढा भाग रंगवावा, म्हणजे वेळ डोळ्यांना दिसतो. विश्रांतीत मोबाइल दिला तर पाचची पन्नास मिनिटे होतात. वीज जाणारच हे धरून चार्जिंगचा दिवा शेजारी असू द्यावा, कारण एकदा उठलेले मूल पुन्हा बसवायला फार वेळ जातो. दप्तर रात्रीच भरून दाराशी ठेवावे आणि वर चित्रांची पट्टी लावावी : डबा, बाटली, वह्या, कंपास, छत्री.

गणपती आणि शिमग्यात जागरणे होणार, घर चाकरमान्यांनी भरणार. त्या दिवसांत सगळे नियम चालवण्याचा हट्ट नको. उठण्याची वेळ आणि एक-दोन नियम तेवढे टिकवावेत आणि पाहुणे गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून कार्ड पुन्हा सुरू करावे. एरवी सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास झोप हवी, आणि झोपण्याआधी तासभर टीव्ही-मोबाइल बंद.

एक गोष्ट किनाऱ्यावरच्या घरांना कळकळीने सांगायची आहे. विचार करण्याआधी उडी मारणे हा या आजाराचाच भाग आहे. त्यामुळे विहिरीला कठडा आणि जाळी, आणि खाडीत किंवा समुद्रात हाताच्या अंतरावर मोठे माणूस असल्याशिवाय पाऊल नाही. ‘त्याला पोहता येते’ हे कारण पुरेसे नाही.

साखरेने चंचलता वाढते हा समज शास्त्रीय अभ्यासांत टिकलेला नाही. मोदकाला दोष देऊ नये. ओमेगा-3 (माशांच्या तेलातला स्निग्ध घटक) च्या गोळ्यांचा फायदा दिसला तरी अल्प असतो. मेंदूचे खेळ म्हणून विकली जाणारी ॲप्स त्या खेळातच हुशार करतात.

हे पत्र औषधाविरुद्ध नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शिकेत सहा वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे प्रशिक्षण आधी सांगितले आहे, आणि सहानंतर औषध व वर्तनोपचार (वर सांगितले तसे वागणूक घडवण्याचे काम) दोन्ही. लक्ष न लागणे आणि चंचलता या मूळ लक्षणांवर औषधाचा परिणाम जास्त असतो. घरातले तंटे, ऐकणे, अभ्यास पुरा करणे यांवर वरच्या कामाचा. डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी हे वाचून कोणी बंद करू नये. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, त्यामुळे कधी आईला किंवा वडिलांनाही तो असतो आणि कार्ड विसरणारे तेच असतात. भिंतीवरचा तक्ता आणि फोनमधला गजर त्यांच्यासाठीही लावावा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतात. शंका असेल तर शिक्षकांनी दोन आठवड्यांची मोजणी लिहून त्यांच्या हाती द्यावी आणि जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागावी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांकही आहे. आमची शिक्षण विभागाकडे मागणी दोनच गोष्टींची आहे. कार्ड आणि सूचना देण्याची पद्धत शिक्षकांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्रत्यक्ष करून दाखवावी. आणि शिक्षकांची बदली होते तेव्हा अशा मुलाच्या कार्डांची फाईल नव्या शिक्षकांच्या हाती सही घेऊन द्यावी. नाहीतर नव्या बाई जूनमध्ये त्याला पुन्हा शेवटच्या बाकावर बसवतात आणि वर्षभराचे मोजमाप कपाटात पडून राहते.

– काही विशेष शिक्षक व समुपदेशक, रत्नागिरी