गिगावॅट नको, युनिट सांगा
संपादक साहेब,
कुठल्याही देशाची अक्षय ऊर्जेची बातमी आली की 'एवढे गिगावॅट बसवले' असं मोठ्या टायपात छापता, पण सोलर रात्री झोपलेलं असतं हे कोण सांगणार? १०० मेगावॅट क्षमतेचा सोलर प्रकल्प वर्षभराच्या सरासरीत जेमतेम १५ ते २५ मेगावॅट देतो, म्हणून आकडा युनिटमध्ये, म्हणजे वर्षात खरंच किती वीज बनली त्याचा, द्या की. ब्रिटनने २०२४ मध्ये शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र बंद केलं, डेन्मार्कची निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यावर बनते, याला म्हणायचं प्रगती. आणि बचतीचं तर कुणी नावच काढत नाही, ६० वॅटच्या जुन्या बल्बइतका उजेड ९ वॅटचा एलईडी देतो, उरलेले ५१ वॅट बनवायलाच लागत नाहीत, पण त्याची फीत कापता येत नाही ना!
– एक वाचक