पंचवीस गुणांसाठी खेळू नकोस

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू आईला फोनवर म्हणालीस, "यंदा खो-खो बंदच करते," आणि लगेच मेसच्या भाजीवर घसरलीस. आईने रात्री जेवताना सांगितलं. मला फोनवर धड बोलता येत नाही. इकडे गिऱ्हाईक युरियाची गोणी मागत असतं आणि तिकडे तुझं "हो पप्पा, हो पप्पा" चालू असतं. म्हणून लिहितो. एकदा नीट बसून वाच.

अकरावीचा निकाल लागल्यापासून तुझ्या दोन्ही कानांना माणसं लागली आहेत. क्लासचे सर म्हणतात, बारावीला मैदान म्हणजे वर्षाचं वाटोळं. मैदानावरचे सर म्हणतात, खेळ बिनधास्त, वरून मार्क मिळतातच. खरं सांगू का, मला पहिल्या सरांपेक्षा दुसऱ्या सरांचं बोलणं जास्त खटकलं. भीती दाखवणाऱ्याचं माणूस तपासून तरी बघतं. आशा लावणाऱ्याचं कुणी तपासत नाही. मी दुकानदार, मला वही उघडल्याशिवाय झोप येत नाही, तेव्हा आधी मार्कांचाच हिशेब करू.

बोर्डाचे सवलतीचे क्रीडागुण स्पर्धेच्या पायरीप्रमाणे मिळतात आणि वरच्या पायरीला जास्तीत जास्त २५. बारावीला एकूण ६०० गुण. म्हणजे सगळेच्या सगळे २५ पदरात पडले तरी चार टक्के आणि वर चिमूटभर. दहावीला ५०० मध्ये मोजतात म्हणून तेवढ्यानेच पाच टक्के व्हायचे, शिवाय अकरावीच्या प्रवेशात खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात. तिथे या गुणांना वजन होतं. आता तुला जायचंय इंजिनिअरिंगला. तिथे बारावी फक्त पात्रतेपुरती: भौतिक, रसायन आणि गणित मिळून खुल्या गटाला ४५ टक्के. पुढचं सगळं सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, पर्सेंटाइलवर, आणि सीईटीत क्रीडागुण हा प्रकारच नाही. तू राज्यस्पर्धेचं सुवर्ण गळ्यात घालून परीक्षेला बसलीस तरी त्या संगणकाला काही फरक पडत नाही.

तुमच्या संघातल्या ज्या मुली बीए-बीकॉमला जाणार आहेत त्यांचं गणित वेगळं आहे. त्यांना बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश मिळणार असेल तर चार टक्के म्हणजे मोठी गोष्ट. दिल्ली विद्यापीठात तर खेळाडूंच्या वाढीव जागा आहेत आणि तिथे प्रमाणपत्रं आणि मैदानावरची चाचणी यांना ७५ टक्के वजन, आणि सीयूईटीला, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेला, २५. आयआयटी मद्रासनेही २०२४ पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन जादा जागा ठेवल्या, त्यातली एक मुलींसाठी. पण त्या जागेलासुद्धा जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नाव लागतं. जिथे जिथे अशा जागा आहेत तिथे कुठले खेळ चालतात याची त्यांची त्यांची यादी असते. ती आधी बघायची, मग स्वप्नं. गावात कुणी सांगतं "खेळातून आयआयटी मिळते", तर तेवढं वाक्य अर्धवट आहे.

नोकरीचं म्हणशील, तर राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, ते खरं. धाराशिवच्या सारिका काळे खो-खोतूनच पुढे आल्या. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या कर्णधार, २०२० ला अर्जुन पुरस्कार, आणि पुढे क्रीडा अधिकारी. पण याच ५ टक्क्यांपायी लोकांनी बोगस प्रमाणपत्रंही काढली, कधी न खेळलेल्या खेळांची. प्रकरणं उघडकीला आली तेव्हा पेपरात वाचून मला तुझ्या गुडघ्यांची आठवण झाली. तुझं प्रमाणपत्र तर तिथे कातडीवरच उमटलंय, पडताळणीला कार्यालयात जायची गरज नाही.

आणि पैशाचं म्हणशील तर तेही सरळ सांगतो. अल्टिमेट खो-खो लीग २०२२ मध्ये बालेवाडीत सुरू झाली, टीव्हीवर दिसली, आपण सगळ्यांनी बघितली. पण ती पुरुषांची. जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, प्रियांका इंगळेच्या कर्णधारपदाखाली आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, मुलांनीही जिंकला. त्या रात्री तू हॉस्टेलच्या मोबाइलवरून मला सात-आठ व्हॉइस मेसेज पाठवले होतेस, एकातही एक वाक्य पूर्ण नव्हतं. मला आनंद झाला होता. पण त्यावर घर चालेल असं मी तुला सांगणार नाही.

मग हे सगळं वजा केल्यावर उरतं काय? तेच मला लिहायचंय.

गेल्या वर्षी विभागीय स्पर्धेला मी दुकान बंद करून आलो होतो, आठवतं का. मला खेळातलं फार कळत नाही. तुझी बैठक चौथ्या चौकात होती. समोरची धावणारी मुलगी उंच, लांब टांगांची, एकेरी साखळीत, म्हणजे बसलेल्या एकेकीमधून नागमोडी धावत, तुमच्या सगळ्यांना फिरवत होती. तुला खो मिळाला, तू उठलीस ती सरळ खांबाकडे, डावा हात खांबाला आणि बाकीचं सगळं अंग हवेत. तिच्या पाठीला तुझी बोटं लागली की नाही हे मला दिसलंच नाही, शिट्टी ऐकू आली तेव्हा कळलं. मी टाळ्या वाजवतोय तोवर तू उठून उभी, कोपर रक्ताने लाल, आणि शेजारच्या मुलीवर ओरडत होतीस: "खो उशिरा का दिलास!" घरी तुला ताट उचल म्हटलं तर दहा मिनिटं लागतात. ती मुलगी आणि ही मुलगी एकच का, असं मी आईला विचारलं होतं.

परतीच्या एसटीत तू मांडीवर रसायनशास्त्राचं जर्नल घेऊन आकृत्या काढत बसलीस. गाडी घाटात वळली की तुझं ब्युरेट वाकडं व्हायचं. तू खोडून पुन्हा काढायचीस. कुणी सांगितलं नव्हतं.

लोक म्हणतात खेळाने शिस्त लागते. मला तसं काही वाटत नाही. आपल्याच तालुक्यात उत्तम खेळणारी आणि पुस्तकाला हात न लावणारी मुलं ढीगभर आहेत, आणि त्यांची मैदानावरची शिस्त घराच्या उंबऱ्यालाच थांबते. मैदानातून आपोआप काही मिळत नाही, ना मार्क, ना शिस्त. तुला तिथे काय मिळतं ते त्या खांबापाशी मी बघितलं, बस. ते हवं असेल तर खेळ. मार्कांसाठी, आरक्षणासाठी, पप्पांना आवडतं म्हणून अजिबात खेळू नकोस. मार्कांसाठी खेळशील आणि राज्याची निवड हुकली, तर खेळही गेला आणि वर्षही गेलं असं वाटेल. आवडीने खेळशील तर निदान खेळ झाला.

आता वेळेचं. सीईटी २०० गुणांची, त्यात अकरावीचा भाग २० टक्के, म्हणजे ४० गुण. हे ४० गुण मे महिन्यात बसून पक्के करता येतात, कारण अभ्यास झालेला आहे आणि मैदान उन्हाने तापलेलं असतं. पंचवीस सवलतीच्या गुणांची चर्चा सगळं गाव करतं, हे चाळीस कुणाच्या तोंडी नाहीत. तेव्हा जून उजाडायच्या आत अकरावीची भौतिक आणि गणिताची प्रकरणं उरकायची. गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा आहे आणि उणे गुण नाहीत, तेव्हा सुरुवात गणितापासून, हे तुलाच माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

जून-जुलैत पाऊस. मैदानात चिखल, सराव आपोआप निम्मा. तो काळ बारावीच्या पहिल्या निम्म्या अभ्यासक्रमाचा. पावसाने सराव बुडाला की तुम्ही मुली खोलीत लोळून गाणी लावता, हे मला आईकडून कळतं. लोळा, पण रोज नको.

मग तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य, असं करत दिवाळीच्या मागेपुढे हंगाम जातो. या काळात अभ्यास मागे पडणारच, ते धरूनच चालायचं. हंगामात रोज नवं प्रकरण शिकायचा हट्ट करू नकोस. फक्त क्लासमध्ये झालेलं त्याच आठवड्यात एकदा सोडवून बघायचं आणि जर्नलं पूर्ण ठेवायची, कारण जानेवारीच्या शेवटाला प्रात्यक्षिकं येतात आणि तेव्हा अर्धी जर्नलं घेऊन रात्री जागणाऱ्यांत तू नसावीस. कॉलेजची ७५ टक्के हजेरी लागते. स्पर्धेच्या दिवसांचं पत्र सरांकडून त्याच वेळी घेऊन कार्यालयात द्यायचं. नंतर कुणी देत नाही, सगळे "बघू" म्हणतात.

दोन वेळचा सराव मात्र यंदा नको. पहाटेचा ठेव, संध्याकाळचा सोड. साडेपाचला मैदान, मग कॉलेज, मग क्लास, मग पुन्हा मैदान आणि रात्री बारापर्यंत पुस्तक, हे गणित कागदावर जमतं. अंगावर जमत नाही. मागच्या हंगामात तुझा घोटा मुरगळला तो झोप नसल्यामुळे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं नाही, पण मला तसंच वाटतं. संघातली जागा जाईल म्हणून संध्याकाळचाही सराव लागेल असं सर म्हणाले, तर त्यांना माझा नंबर दे. मी बोलतो. ते माणूस म्हणून चांगले आहेत. त्यांच्या डोक्यात जिल्ह्याचा संघ असतो, माझ्या डोक्यात तू.

आणि एक रेघ आत्ताच मारू. राज्यस्पर्धा झाली की मैदान बंद, बारावीचा लेखी पेपर संपेपर्यंत. राष्ट्रीय शालेय स्पर्धेसाठी निवड झाली आणि शिबिर जानेवारीत आलं, तर? तर मला फोन कर, तेव्हा भांडू. आत्ता त्यावर भांडण्यात अर्थ नाही, अजून जिल्हा जिंकायचाय.

सप्टेंबरमध्ये क्लासच्या परीक्षांमध्ये भौतिक घसरलं, तर लपवू नकोस. घसरणार हे मी धरलेलंच आहे. किती घसरलं तेवढं सांग, म्हणजे पहाटेचा सरावसुद्धा आठवड्यातून चार दिवसांवर आणता येईल. सगळं किंवा काहीच नाही, असं क्लासचे सर बोलतात, कारण त्यांना एका बॅचमध्ये शंभर मुलं सांभाळायची असतात. आपल्याला एकच सांभाळायचीय.

समज, इतकं करून पर्सेंटाइल थोडे कमी आले आणि पुण्याचं कॉलेज हुकलं. सांगलीचं मिळेल, कोल्हापूरचं मिळेल. तिथेही विद्यापीठाचा संघ असतो, आंतरविद्यापीठ स्पर्धा असतात, राज्यातल्या विद्यापीठांचा अश्वमेध असतो आणि त्यात खो-खो आहे. बारावीला खेळ संपतो हे ज्यांनी ठरवलंय त्यांनी पुढचं बघितलेलं नाही. उलटही खरं आहे: यंदा तुला मनापासून कंटाळा आला असेल, गुडघे दुखत असतील आणि वर्षभर थांबायचं असेल, तर थांब. वर्षाने परत उतरता येतं. फक्त आत्याने "मुलीच्या जातीला हाडबीड मोडलं तर" असं म्हटलं म्हणून थांबू नकोस. आत्याला मी बघतो. तिच्या स्वतःच्या मुलाने मोटारसायकलवरून दोनदा हाड मोडलंय आणि त्याला कुणी काही बोललं नाही.

निर्णय पंधरा दिवसांत कळव, कारण क्लासची फी दोन हप्त्यांत भरायची की एकदम, ते त्यावर ठरेल. संध्याकाळची बॅच घेतलीस तर सराव पहाटेचा जमतो, सकाळच्या बॅचला जमत नाही. ते वेळापत्रक विचारून ठेव. आईने तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणि तीळ-गुळाच्या वड्या केल्या आहेत, शनिवारी येणाऱ्या काकांच्या गाडीत पाठवतो. वड्या खोलीत वाटून टाकू नकोस, अर्ध्या तरी स्वतः खा.

तुझे,
पप्पा

ता. क. — तुझी सगळी प्रमाणपत्रं मी कपाटातून काढून बघितली. सातवीच्या जिल्हास्पर्धेच्या प्रमाणपत्रावर आडनावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कलिस्टपेक्षा वेगळं आहे आणि एकावर जन्मतारखेत महिना चुकलाय. क्रीडागुणांचा प्रस्ताव कॉलेजमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून बोर्डाकडे जातो, आणि तिथे असल्या चुकांवर कागद परत येतात. गुणांसाठी खेळू नकोस म्हटलं, पण मिळणारे सोडू नकोस असंही म्हणतो. मी सोमवारी ती दोन्ही घेऊन जातो. तू दहावीच्या मार्कलिस्टचा आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याचा फोटो आज रात्रीच पाठव, आणि तो सरळ धरून काढ.