१२८ जीबीचं खोटं मेमरी कार्ड पकडून दिल्याबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

शाळेच्या वाचनालयातला रास्पबेरी पाय (मेमरी कार्डावर चालणारा छोटासा कॉम्प्युटर) अखेर चालू झाला. इंटरनेट नसतानाही मुलं त्यावर मराठी विकिपीडिया उघडून बसतात. फोनवर तुमचे आभार मानलेच होते, पण तुम्ही दोष कसा शोधलात ते इतरांनाही कळावं, म्हणून हे जाहीर पत्र.

किविक्स (इंटरनेटशिवाय विकिपीडिया दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि सगळा मजकूर धरून आमची इमेज, म्हणजे कार्डावर जशीच्या तशी उतरवायची फाइल, ४० जीबीच्या वर. एचर (इमेज कार्डावर लिहिणारा प्रोग्राम) ती शेवटपर्यंत लिहायचा आणि पडताळणीत अडकायचा. कार्ड पायमध्ये घातलं की लाल दिवा लागायचा, कार्ड वाचताना लुकलुकणारा हिरवा मात्र ढिम्म. सल्ले भरपूर मिळाले: अडॅप्टर बदला, रीडर बदला, फॉरमॅट मारा. (फॉरमॅट मारा हे आपल्याकडे सगळ्याच रोगांवरचं औषध!)

तुम्ही आधी एरर जशीच्या तशी वाचून दाखवायला सांगितलीत. मग इमेजचा एसएचए-२५६ (फाइल बिनचूक उतरली का ते सांगणारा कोड) ताडून घेतलात. तो जुळला, म्हणजे डाउनलोड ठीक. मग त्याच कार्डावर नुसती रास्पबेरी पाय ओएस लाइट (पायची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम) लिहायला लावलीत, आणि पाय झटक्यात बूट झाला, म्हणजे सुरू झाला! म्हणजे अडॅप्टर, रीडर आणि खुद्द पायही निर्दोष. लिहून झाल्यावर विंडोज ‘डिस्क फॉरमॅट करा’ म्हणून मागे लागेल, तिथे कॅन्सल दाबा, हेही आधीच बजावलं होतंत. विंडोजला लिनक्सचं पार्टिशन वाचता येत नाही, एवढंच त्याचं कारण.

छोटी इमेज चालते, मोठी नाही, एवढ्यावरून तुमचा संशय कार्डावर गेला. लिनक्सवर एफथ्री या कार्ड तपासायच्या सॉफ्टवेअरमधल्या एफथ्रीराइटने कार्ड काठोकाठ भरून घेतलंत आणि एफथ्रीरीडने परत वाचलंत. ‘डेटा ओके’पुढे १६ जीबीसुद्धा नाही, बाकी सगळं ‘डेटा लॉस्ट’, त्यातलंही बरंचसं ‘ओव्हररिटन’, म्हणजे त्यावर दुसरंच लिहिलं गेलेलं. कार्डाच्या आतला कंट्रोलरच (कार्ड चालवणारी चिप) कॉम्प्युटरला १२८ जीबी सांगत होता. खरी जागा संपली की पुढचा डेटा पुन्हा सुरुवातीपासून लिहिला जायचा आणि बूट पार्टिशन (कार्डाचा ज्या भागावरून पाय सुरू होतो तो) त्याखाली गाडलं जायचं. हिरवा दिवा लागणार कुठून? अशा कार्डाला फॉरमॅट मारून काय होणार होतं!

दुकानदाराने पैसे परत द्यायला खळखळ केली, पण एफथ्रीचा निकाल छापून समोर ठेवल्यावर दिले. नवं कार्ड आधी एफथ्रीतून काढलं. त्यात वेळ बराच गेला, पण इमेज पहिल्या फटक्यात चढली. शेजारच्या शाळेचे सरही पाय आणताहेत. कार्ड घेतलंत की आधी माझ्याकडे आणा, असं त्यांना सांगून ठेवलंय. अडलो तर फोन तुम्हालाच!

आपला,
वाचनालय सांभाळणारा शिक्षक