फुल्मारची वाढ आणि मोजणीतील चूक

‘समुद्रपक्ष्यांचे वाढते साम्राज्य’ हा रविवार पुरवणीतील लेख वाचला. फुल्मार हा समुद्रपक्षी नव्या किनाऱ्यांवर पोहोचला म्हणजे त्याचे बरे चालले आहे, हा त्यातील निष्कर्ष पटत नाही.

ब्रिटनमध्ये १८७८पर्यंत हा पक्षी केवळ सेंट किल्डा बेटांवर वीण करत असे. त्या वर्षी तो शेटलंडमधील फौला बेटावर घरटी करू लागला आणि पुढच्या शतकभरात जवळपास सगळ्या ब्रिटिश किनाऱ्यावर पसरला. व्हेलच्या शिकारीतील आणि पुढे मासेमारी जहाजांवरून फेकला जाणारा टाकाऊ भाग हे या प्रसाराचे एक प्रमुख कारण मानले जाते. असे अन्न आटले की पक्षीही घटतात. विसाव्या शतकाच्या अखेरपासून तेथे फुल्मारची संख्या घसरते आहे.

शिवाय कड्यावर पक्षी दिसला म्हणजे घरटे झाले, असे नव्हे. फुल्मार साधारण नवव्या वर्षी पहिल्यांदा अंडे घालतो. त्याआधी काही वर्षे तो कपारींवर नुसताच येऊन बसतो. म्हणून मोजणी जूनमध्ये, भर दिवसा करतात आणि अंडे मावेल अशा सपाट जागी घट्ट बसलेला पक्षीच हिशेबात धरतात. उडणारे, उभे असलेले पक्षी मोजले की आकडा फुगतो. वर्षाला अंडे एकच. ते गेले तर त्या हंगामात दुसरे नाही. नकाशावर नव्या वसाहतीचा ठिपका देताना तेथून किती पिल्ले उडाली, हेही छापायला हवे.

– एक वाचक, रत्नागिरी