ऊसतोडीच्या हिशोबाची वही आखून देणाऱ्या काकूंना

ती. काकूंना सा. नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही चहा ठेवायला उठता, म्हणून लिहून पाठवते आहे. आणि चारचौघांनी वाचावं असंच लिहिते आहे. तुम्ही आमच्या घरासाठी काय केलंत हे कळायचं तर ऊसतोडीचा हिशोब कसा चालतो ते आधी कळायला हवं, आणि इथं लातूरला माझ्यासोबत दवाखान्यात काम करणाऱ्या कितीतरी जणींना ते माहीत नाही.

आपल्या बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातल्या वस्त्या दसरा-दिवाळी झाली की रिकाम्या होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. माझी माय लग्न झाल्यापासून ऊस तोडत आली, पण उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर आणि अंगठाही त्यांचाच. तिच्या कामाचे वेगळे पैसे कधी कुणी मोजले नाहीत. कोल्हापूर, सांगली, नाहीतर बेळगावकडचा कारखाना. उजाडायच्या आत फडात जायचं, ऊस तोडायचा, पाचट काढायचं, वाढं छाटायचं, मोळ्या बांधायच्या, टायरगाडी भरायची आणि बैल जुंपून कारखान्याच्या रांगेत जाऊन उभं राहायचं. भरलेली गाडी वजनकाट्यावर चढते, रिकामी झाली की पुन्हा चढते, मधला फरक तेवढा ऊस आपल्या नावावर. त्याची पावती हातात पडायची आणि दादा ती सरळ मुकादमाला, म्हणजे उचल देऊन मजूर नेणाऱ्या ठेकेदाराला, देऊन टाकायचे. पंधरवड्याचं बिल मुकादमाकडं जायचं, आठवड्याची खर्ची, म्हणजे घरखर्चापुरते पैसे, मुकादम द्यायचा, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, उचल किती फिटली, बाकी किती राहिली हेही तोच सांगायचा. बाकी निघाली की पुढच्या हंगामाला त्याच्याकडंच जायचं.

ज्याचा ऊस असतो त्याच्यासाठी 1966 सालचा ऊस नियंत्रण आदेश आहे. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे, उशीर झाला तर 15 टक्के व्याज. शेतकऱ्यालाही ते भांडल्याशिवाय मिळत नाही, हे मी जाणते. पण भांडायला त्याच्या हातात काहीतरी कागद आहे. तोच ऊस तोडणाऱ्याचा कारखान्याशी करारच नसतो. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, आणि मुकादमाचा आमच्याशी, तोही बहुतेक तोंडी. त्यामुळं हजेरीपट नाही, फंड नाही, दाद मागायची तर कुणाकडं तेही कळत नाही. उचलीपायी माणसाला बांधून ठेवणं 1976 सालच्या वेठबिगारीच्या कायद्यानं गुन्हा ठरवलं. आमच्या वस्तीवर मात्र ‘फिटेपर्यंत दुसरीकडं जायचं नाही’ हे मी मोठी होईपर्यंत कायद्यासारखंच पाळलं जात होतं.

तुमचा यातल्या कशाशी संबंध नव्हता, काकू. तुमचं घर गावात, आमचं वस्तीवर. तुमच्या घरचं कुणी कधी तोडीला गेलं नाही. माय पोलकं शिवायला आली तेव्हा सवयीनं ओट्याखालीच बसली होती. तुम्ही तिला आत बोलावलंत आणि मशीनशेजारी बसवलंत. बाकी किती निघाली, असं तुम्ही विचारलंत, आणि तिला आकडा सांगता येईना. मग गिऱ्हाइकांची मापं लिहायच्या तुमच्या लांब वहीसारखीच एक वही काढून तुम्ही तिच्यासाठी रकाने आखलेत. तारीख, गाडीचं वजन, खर्ची, खाडा, आणि खाडा कशामुळं.

त्या पावसाळ्यात दुपारच्या दुपारी तुम्ही तिला फक्त आकडे शिकवलेत. ‘अक्षरं मागून येतील, आधी पैसे मोजता आले पाहिजेत,’ असं म्हणायचात. पावती मुकादमाच्या हातात जायच्या आत तिच्यावरचं वजन वहीत उतरलंच पाहिजे, ही तुमची ताकीद. खाड्याची कारणं मायला लिहिता येत नव्हती, तर तुम्ही खुणा ठरवून दिल्यात. बैल बसला तर गोल. गाडी मोडली तर आडवी रेघ. मायचं पोट दुखलं तर फुली.

ती वही अजून माझ्याकडं आहे. त्यातल्या फुल्यांकडं मी नर्सिंगला गेल्यावर नीट बघितलं. त्या दर महिन्याला जवळपास त्याच तारखांना पडल्या आहेत. खाडा पडला की दंड, आणि पाळीच्या दुखण्याला कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, ना औषध ना आडोसा. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. मी तो आकडा वाचला तेव्हा मायची वही काढून बसले होते. तुम्ही ‘कशामुळं’ हा रकाना आखला नसता तर तिच्या दुखण्याची नोंद कुठंच राहिली नसती.

पट्टा पडल्यावर मुकादमानं नेहमीसारखी बाकी सांगितली. तुम्ही त्या दिवशी मशीन बंद ठेवून आमच्या अंगणात येऊन बसलात. आवाज चढवला नाहीत. त्याची वही आणि मायची वही शेजारी ठेवून एकेक तारीख वाचत गेलात. त्याच्या वहीत काही गाड्या आल्याच नव्हत्या, आणि काही खाडे दोनदा धरले होते. संध्याकाळपर्यंत बाकी पुसली गेली, वर मुकादमाकडूनच थोडं येणं निघालं. तो माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्याच्याही डोक्यावर वाहतूकदाराचे पैसे होते, उचल घेऊन पळालेल्यांचा तोटा होता, आणि तो त्याला खालच्यांकडूनच भरून काढता येत होता. पण त्या अंगणात मी पहिल्यांदा दादांना त्याच्यासमोर खाटेवर बसलेलं पाहिलं. एरवी ते उभे असायचे.

बाकी नव्हती म्हणून पुढच्या हंगामाला दादांना मुकादम बदलता आला. घरात धान्य ठेवून जाता आलं, म्हणून मी आजीजवळ राहिले आणि दहावी झाले. माझ्या बरोबरीच्या मुली तेव्हा फडात मोळ्या उचलत होत्या, आणि त्यातल्या दोघी-तिघी आज स्वतः कोयता आहेत.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, टनाला 273 रुपयांचे 366 झाले. संघटना लढल्या, संप झाला, म्हणून हे मिळालं, आणि त्याचं मोल मोठं आहे. पण वाढलेला दर आपल्या हिशोबात खरंच धरला की नाही, हे वस्तीवरच्या बायांना अजून दुसऱ्यालाच विचारावं लागतं. माय सांगत होती, आता तिच्याकडं पाच-सहा जणी येतात आकडे शिकायला, आणि अडलं की ती त्यांना तुमच्याकडं पाठवते.

तुमचे उपकार फार आहेत, काकू. मी दसऱ्याच्या आधी सुट्टी काढून येते. लांब वह्या इथून घेऊन येईन, किती लागतील ते मायच्या फोनवरून कळवा. रकाने यंदा मी आखते, तुम्ही डोळ्यांना ताण देऊ नका. वाढीव दराचाही एक रकाना घालू.

तुमची,
वस्तीवरची थोरली