कादंबरीचाही सातबारा काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बी.ए.च्या वर्गात भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी आली की फळ्यावर गाइडमधली ठरलेली मांडणी उमटते : कथानक, पात्रे, वातावरण, भाषा. नायक पांडुरंगच्या वडिलांच्या नावापुढे ‘कठोर, हेकट, व्यवहारी’ लिहिले की बाप-लेकाचा संघर्ष शिकवून झाला! नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. निदान खानदेशात तरी ही कादंबरी अशी उरकू नये.

आधी वेळ मोजायला लावावी. कागदाच्या लांब पट्टीवर वरच्या ओळीत प्रसंग कादंबरीत येतात त्या क्रमाने, खालच्या ओळीत घडले त्या क्रमाने लिहायचे आणि रेघांनी जोडायचे. वीसेक प्रसंग पुरतात. इथे रेघा फारशा एकमेकींना छेदत नाहीत, कारण सुरुवातीची ओळख झाली की गोष्ट बहुतेक पुढेच सरकते. म्हणून खरे काम वेगाचे आहे : कोणत्या वर्षाला किती पाने दिली? पृष्ठक्रमांक घेऊ नयेत, आवृत्तीगणिक ते बदलतात आणि अर्धा तास भांडणात जातो. एकूण पानांतला वाटा काढावा.

मग निवेदक. सांगणारा पांडुरंग पंचवीस वर्षांचा आहे. भोगणारा आधी लहान, मग पुण्याला शिकणारा. विद्यार्थी या दोघांना एकच समजतात, गोंधळाचे मूळ तिथे. रोजनिशीचा भाग नेमका इथे उपयोगी पडतो. तिथे भोगणे आणि लिहिणे यांत फार तर दिवसाचे अंतर उरते, आणि लिहिणाऱ्याला उद्याचे काही माहीत नसते. रोजनिशीतला एक परिच्छेद आणि आधीचा एक शेजारी-शेजारी वाचून कोणाला पुढचे ठाऊक आहे ते विचारावे.

घरातली सत्ता शिकवायला सातबारा पुरेसा आहे, आपल्या पोरांना तो वाचता येतो. वहीत चार रकाने आखायचे : नाव कोणाचे, कसतो कोण, पैसा कोणाच्या हातात, आणि ‘इतर हक्क’. आई आणि बहिणी या शेवटच्या रकान्यात जाऊन बसतात, हे वर्गाला न सांगता दिसते. मुलगा पुण्यात वडिलांच्या पैशावर राहतो आणि त्यांच्याविरुद्ध बोलतोही. दोन्ही एकाच ओळीत लिहिले की ‘बंडखोर नायक’ हे गाइडमधले उत्तर टिकत नाही. मात्र एक धोका आहे. सारे मुलाच्याच तोंडून कळते, त्यामुळे वडील आयतेच खलनायक ठरतात. प्रत्येक नोंदीपुढे ‘हे कोण सांगतोय’ हा पाचवा रकाना हवाच.

शेवटी दहा ओळींचे लेखन : पैशाचा उल्लेख असलेले एखादे पान आईच्या बाजूने लिहायचे. मोकळे सोडले तर प्रत्येक आई पदराने डोळे पुसते (मालिकांची कृपा). म्हणून अट घालावी : रडणे नाही, मनातले विचार नाहीत, ती उभी आहे तिथून जे दिसते-ऐकू येते आणि तिचे हात जे करतात तेवढेच. भाषा अहिराणी, लेवा बोली, घरात असेल ती. प्रमाण मराठीचा आग्रह धरला की आई पुन्हा गाइडमधली होते.

सहा तासिकांत हे बसते. चार श्रेयांकांच्या विषयाला साठ तास असतात. अडते ते प्रश्नपत्रिकेपाशी : ‘वडिलांचे स्वभावचित्र रेखाटा’ हा प्रश्न राहील तोवर मुले रकान्यांची वही मिटून गाइडच उघडतील. त्याऐवजी दिलेल्या एका उताऱ्यात कोण मागतो, कोण देतो आणि हे सांगतो कोण, एवढेच विचारावे.

आपले,
मराठीचे काही अध्यापक,
जळगाव–धुळे