चिंचवडच्या काकांना, मामाच्या जुन्या टी-३४ बद्दल खूप खूप थँक्यू

प्रिय काका,

तुम्ही हे स्वतःहून वाचायला येणार नाही हे मला माहितीये, मोबाईलवर तुम्ही फक्त मॉडेलचे फोटो झूम करून बघता, म्हणून तुमच्या नातीला सांगून ठेवलंय की आजोबांना पूर्ण वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस. तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच विषय बदलता आणि चहा टाकायला उठता, त्यामुळे आता सगळ्यांसमोरच लिहितोय. अजून एक कारण आहे. माळ्यावर, कपाटात, कुणाच्या तरी ट्रंकेत अशी जुनी टँकची किट्स (प्लास्टिकचे तुकडे जोडून मॉडेल बांधायचे संच) अजून खूप पडून असतील आणि घर आवरताना ती भंगारात जातात, ज्यांच्याकडे ती आहेत त्यांनी टाकायच्या आधी एकदा हे वाचावं अशी फार इच्छा आहे.

माझा मामा मर्चंट नेव्हीत होता, जपानच्या एका फेरीत त्याने तामिया या मॉडेल कंपनीचं टी-३४/७६ (दुसऱ्या महायुद्धातला सोव्हिएत टँक) घेतलं होतं, १/३५ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं, सत्तरच्या दशकात निघालेलं किट. बांधायचं राहून गेलं, मग तो गेला, आणि मामीने तो डबा माझ्या हातात दिला. आत डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील आकडे) पिवळी पडलेली, काळे रबरासारखे ट्रॅक (चाकांभोवतीचे पट्टे) चाकांच्या फ्रेमवर पडून राहिलेले आणि जिथे टेकले तिथे चाकांचं प्लास्टिक चक्क वितळल्यासारखं झालेलं. ज्याला दाखवलं त्याने एकच सांगितलं, आता याच टँकची किती तरी भारी नवीन किट्स मिळतात, ते घे आणि हे शोकेसमध्ये ठेव. सल्ला चुकीचा नव्हता, नवीन किट्स खरंच सुंदर आहेत, पण मला मामाचंच बांधायचं होतं. तुम्ही एकटेच होतात ज्यांनी हे का करायचंय असं विचारलं नाही, टेबलावर पेपर पसरलात आणि म्हणालात, "आधी सगळं बाहेर काढ, काय काय आहे बघू."

तुमचं आख्खं आयुष्य टूलरूममध्ये गेलं, साचे बनवण्यात, आणि त्याचा काय फायदा असतो हे मला त्या दिवशी कळलं. मी एक एक पार्ट उचलून हे जाड आहे, इथे गोल खळगा आहे, इथे डिटेल नाही असं म्हणत होतो आणि तुम्ही प्रत्येकाचं कारण सांगत होतात. साचा दोन अर्धांचा, उघडला की पार्ट सरळ बाहेर यायला हवा, म्हणून हँडलच्या खाली पोकळी ठेवता येत नाही आणि ते भरीव येतं. झाकणांच्या आतले गोल खळगे म्हणजे पार्ट ढकलून बाहेर काढणाऱ्या पिनांचे ठसे. टरेटच्या (तोफ असलेल्या वरच्या फिरत्या भागाच्या) बाजूला कमी डिटेल कारण तिथे साच्याची दिशा आडवी पडते, सरकते साचे वापरायला लागल्यावर हे सुधारलं. आणि ट्रॅकमध्ये व्हिनाइल मऊ राहावं म्हणून जे तेलकट द्रव्य घालतात ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येतं आणि टेकलेल्या पॉलिस्टायरीनला खातं, म्हणून ट्रॅक कायम वेगळ्या पिशवीत ठेवायचे आणि बसवायच्या आधी चाकांवर रंगाचे नीट थर द्यायचे. हे कोणत्याही इन्स्ट्रक्शन शीटवर लिहिलेलं नाही काका.

मग ती खालची भोकं. हलच्या (टँकच्या खालच्या मुख्य धडाच्या) तळाला चौकोनी खाच, लांबट भोक, मला वाटलं डबा पडून फुटलाय का काय. तुम्ही सांगितलंत की हे टँक तेव्हा मोटर घालून जमिनीवर पळवायचे, सेल आणि स्विचसाठी ती जागा आहे. आणि तेव्हाच तुमच्याकडून ती गोष्ट ऐकली जी मी आता भेटेल त्याला सांगतो, की १/३५ हे स्केल कुणी हिशोब करून ठरवलेलंच नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला शिझुओकाच्या तामिया कंपनीने पहिला पँथर टँक केला, तर आत मोटर आणि सेल बसतील एवढा मोठा केला, नंतर मोजलं तर ते साधारण १/३५ भरलं, आणि आज जगभरातल्या बहुतेक कंपन्या टँक याच मापात काढतात! ही कंपनी वर्षानुवर्षं चालवणारे शुन्साकू तामिया २०२५ मध्ये गेले तेव्हा तुम्ही मला फोन करून फक्त एवढंच म्हणालात की आज कामाला बसू नकोस, डबा काढून बघत बस. मी बसलो होतो.

भोकं बुजवायला मी प्लास्टिक शीट ऑर्डर करणार होतो तर तुम्ही आइस्क्रीमचा कप काढलात, तळाला त्रिकोणात ६ आकडा असलेला, म्हणजे पॉलिस्टायरीन, म्हणजे किटच्याच जातीचं प्लास्टिक, लिक्विड सिमेंटने (मॉडेल जोडायच्या पातळ गोंदाने) एकजीव चिकटतं. उरलेल्या स्प्रूचे (किटचे पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचे) तुकडे त्याच सिमेंटच्या छोट्या बाटलीत टाकून दोन दिवस ठेवले की मधासारखी पुट्टी तयार होते ती फटीत भरायची, वाळली की ती पुट्टी राहतच नाही, प्लास्टिकच होते, घासा, भोक पाडा, काही पण करा. फक्त खिडकी उघडी ठेवून, हे तुम्ही दर वेळी बजावता म्हणून इथेही लिहितो.

पण खरा फरक पडला तो तुमच्या गुणाकाराने. "पस्तीसने गुण", हे वाक्य आता माझ्या डोक्यात कायम असतं. फेंडरची (ट्रॅकच्या वरच्या पत्र्याची) कड एक मिलिमीटर, म्हणजे खऱ्या टँकवर साडेतीन सेंटिमीटर जाड पत्रा झाला, तर खरा फेंडर साधा पातळ पत्र्याचा असतो. समोरचं चिलखत मात्र ४५ मिलिमीटरचं, तिरकं बसवलेलं, ते मॉडेलवर सव्वा मिलिमीटरच्या आसपास येतं, म्हणजे तिथली जाडी ठेवली तरी चालते. कुठे पातळ करायचं आणि कुठे हात लावायचा नाही हे या एका हिशोबात कळतं. फेंडर आपण कोल्ड्रिंकच्या कॅनचा केला, तो पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर, कात्रीने कापला जातो आणि खऱ्यासारखा चेपता पण येतो. हँडरेल तांब्याच्या तारेच्या, घरातल्या जुन्या वायरचं कव्हर सोलून. आणि त्या का हव्यात तेही तुम्ही सांगितलंत, सोव्हिएत पायदळ टँकवरच बसून लढाईत जायचं, धरायला काहीतरी लागतं ना, म्हणून चारी बाजूंनी दांडे. हे कळल्यावर ती तार नुसती तार राहत नाही, सरळ आणि घट्ट बसलीच पाहिजे असं वाटतं. पुढच्या मशीनगनची नळी इंजेक्शनच्या सुईची, टोक कानसलेलं. ही आयडिया तुमची नाही काकूंची आहे हे मुद्दाम नोंदवतो.

नगरची ट्रिप तर मी कधीच विसरणार नाही. टरेट किटमध्ये एकदम गुळगुळीत होतं आणि मी विचारलं की ओतीव पोलाद दिसतं तरी कसं, तर तुम्ही फोटो दाखवण्याऐवजी म्हणालात रविवारी एसटीने नगरला जाऊ. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, अहिल्यानगरला आर्मर्ड कोअरचं रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ पासून. तिथे टी-३४ बघायला गेलोच नव्हतो आपण, तिथल्या सेंच्युरियन या ब्रिटिश टँकचं टरेट ओतीव आहे ते बघायला गेलो होतो. उन्हात तिरकं उभं राहून बघितलं तेव्हा पहिल्यांदा दिसलं की पृष्ठभाग खडबडीत असतो पण दाणेदार नसतो, मोठे मऊ उंचवटे आणि मधे मधे साच्याच्या जोडाची घासलेली रेघ. छतावर वेगळी प्लेट वेल्ड केलेली, तिचा शिवणीसारखा जोड. आपण बाकी लोकांसारखं एका टँकवरून दुसऱ्या टँकवर गेलोच नाही, एकाच टरेटभोवती फिरत राहिलो. तुम्ही तिथेच सांगितलंत की पूना हॉर्स रेजिमेंटचे तारापोर साहेब १९६५ ला आणि अरुण खेत्रपाल १९७१ ला याच जातीच्या टँकमध्ये लढले, दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र. खेत्रपाल २१ वर्षांचे होते. मग आपण पुढचं बराच वेळ काही बोललो नाही, आणि घरी आल्यावर मी टरेटवर जे काम केलं ते वेगळ्याच काळजीने केलं.

ते काम असं, म्हणजे कुणाला करायचं असेल तर. तीच स्प्रूची पुट्टी पातळ करून टरेटवर लावायची, ओली असतानाच आखूड केसांच्या कडक ब्रशने टिपत जायचं, वाळल्यावर वरवर घासायचं म्हणजे टोकं जातात आणि मऊ उंचवटे राहतात. वेल्डसाठी एम-सीलची अगदी बारीक वळी, केसापेक्षा थोडी जाड, जोडावर ठेवून ओल्या सुईने एकसारखे ठसे. इथे मी हट्टाने सांगतो की टी-३४ चे वेल्ड सुबक करू नका. १९४१ मध्ये जर्मन सैन्य आत घुसल्यावर खार्कोव्हचा टँकचा कारखाना उचलून उरल पर्वताकडे निझ्नी तागिलला नेला, चेल्याबिन्स्कच्या ट्रॅक्टर कारखान्याला लोक टँकोग्राड म्हणायला लागले, बायका आणि पोरं मशीनवर उभी होती, घासून पुसून सुंदर करायला वेळ कुणाला होता. टँक लवकर बाहेर पडायला हवा होता आणि तो पडला. हे त्या खडबडीत वेल्डमध्ये दिसायला पाहिजे, नाहीतर मॉडेल खोटं वाटतं, माझं तरी असं ठाम मत झालंय.

ट्रॅकबद्दल थोडक्यात. टी-३४ ला वरून ट्रॅक धरणारे छोटे रोलर नसतात, वरचा पट्टा सरळ मोठ्या चाकांवर टेकतो आणि मधे झोळ पडतो. व्हिनाइलचे ट्रॅक ताठ राहतात, हवेत तरंगतात, जुनी टी-३४ लांबून ओळखू येते ती यामुळेच. तुम्ही टाचण्यांचे तुकडे केलेत, हलच्या बाजूला ट्रॅकच्या बरोबर वर बारीक भोकं पाडून त्यात बसवलेत, ट्रॅक खाली दाबला गेला आणि वरून फेंडरने सगळं झाकलं. जेमतेम पंधरा मिनिटांचं काम आणि टँकला एकदम तीस टनाचं वजन आलं. नवीन ट्रॅकचा सेट घ्यायची गरजच पडली नाही.

डिकॅल आठवतायत ना? खिडकीच्या काचेला आतून चिकटवून उन्हात ठेवली, पिवळेपणा बराचसा गेला, मग पाण्यात टाकायच्या आधी वरून क्लिअर लॅकर मारलं कारण जुनी फिल्म पाण्यात गेली की तुकडे तुकडे होते. टरेटवरचे ते पांढरे आकडे पन्नास वर्षांपूर्वी छापलेलेच आहेत. मामीने ते बघितले आणि पदर डोळ्याला लावला, ते मी तुम्हाला अजून सांगितलं नव्हतं.

रंगाच्या वेळी आपलं जरा वाजलं होतं. मला गडद हिरवा हवा होता, अगदी सोव्हिएत टँकांच्या त्या ४बीओ नावाच्या हिरव्यासारखा, आणि तुम्ही म्हणत होतात की एवढ्याशा वस्तूवर खरा रंग काळपट दिसतो, थोडा पिवळा आणि पांढरा घालून उजळ कर. तुमचं बरोबर होतं, कॅमलच्या ऑइल कलरमधला बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फिरवल्यावर सगळं जागेवर आलं. धुळीसाठी सुके पेस्टल किसताना मी तांबड्या खडूला हात लावला तर तुम्ही म्हणालात, "ही माती कोकणातली नाही रे." रशियातल्या कुर्स्कच्या बाजूची जमीन काळी, चेर्नोझेम म्हणतात तिला, उन्हाळ्यात तिची धूळ राखाडी तपकिरी उडते. तिथल्याच जुलै १९४३ च्या प्रोखोरोव्हकाच्या लढाईतला टँक दाखवायचा तर तेवढं तरी खरं पाहिजे. मी मान्य केलं आणि खडू बदलला.

काका, एवढं सगळं लिहून पण मूळ मुद्दा राहतोय असं वाटतं म्हणून सरळ सांगतो. तुम्ही माझं मॉडेल एकदाही हातात घेऊन स्वतः पूर्ण केलं नाहीत. तुमचा हात माझ्यापेक्षा शंभरपट स्थिर आहे, दहा मिनिटांत झालं असतं, तरी तुम्ही एका बाजूला करून दाखवायचात आणि दुसरी बाजू माझ्यासाठी सोडायचात. डाव्या बाजूच्या पहिल्या दोन टाचण्या आणि एक वेल्ड एवढंच तुमचं आहे त्यात, मला माहितीये कुठला ते, आणि मी तो वेल्ड कुणालाही दाखवताना बोट ठेवून दाखवतो. या सगळ्याचे पैसे विचारले तर तुम्ही रागावलात, कानस पण वापरायला दिलीत, आणि मामा कसा होता, कुठल्या जहाजावर होता हे दर वेळी विचारलंत. घरात मामाबद्दल बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. तुमच्या त्या टेबलावर बसून मी त्याच्याबद्दल इतकं बोललो की आता मामीकडे गेलो की तिच्याशीही बोलता येतं.

यासाठी थँक्यू. काकूंनाही थँक्यू, सुईसाठी आणि टर्पेंटाइनचा वास इतके महिने सहन केल्याबद्दल.

टँक सध्या मामीकडे आहे, काचेच्या केसमध्ये, मामाच्या फोटोशेजारी नाही तर हॉलमध्ये टीव्हीजवळ, तिने स्वतः जागा निवडली. मामाच्या ट्रंकेत अजून एक डबा सापडलाय, चीफटन (ब्रिटिश टँक) आहे, पुन्हा तामियाचं आणि पुन्हा तळाला भोकं! ट्रॅक मी आधीच वेगळ्या पिशवीत ठेवलेत. रविवारी सकाळी घेऊन येतो, चालेल ना? आइस्क्रीमचे कप जमवून ठेवायला तुमच्या नातीला सांगितलंय, ती आनंदाने तयार झालीये.

तुमचा,
तळेगावचा भाचा (मामाचा होतो, आता तुमचा पण)